आई-बाबांना घेऊन जूनमध्ये नॉर्डिक देश: बारा दिवसांत काय जमेल?

गवतीचहा
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

१५ ते २६ जून अशी सगळ्यांची सुट्टी एकदाची जमली आहे. मी, नवरा, आई (६६, शुद्ध शाकाहारी, गुडघे कुरकुरतात) आणि बाबा (७१, सगळं खातात, पहाटे चारला कॅमेरा गळ्यात अडकवून बाहेर पडतात). पुण्याहून निघणार. एका पर्यटन कंपनीने पाठवलेला आराखडा असा: कोपनहेगन १ रात्र, ऑस्लो १, बर्गन १, स्टॉकहोम २, हेलसिंकी १, रोवानिएमीला सांताक्लॉजचं गाव १, ट्रोम्सोला नॉर्दर्न लाइट्स १, शेवटी आइसलँड ३.

प्रश्न बरेच आहेत. व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? पैसे कुठल्या चलनात न्यायचे? आईच्या जेवणाचं काय? जूनमध्ये स्वेटर लागतात का? आणि मुख्य म्हणजे हा आराखडा बरा आहे का?

नाना_ठाणेकर
अकरा रात्री, आठ मुक्काम. आमच्या भागातला पोस्टमनसुद्धा एवढा फिरत नाही. आईंच्या गुडघ्यांना विचारलंत का? (हलके घ्या.)

उत्तरायण
स्टॉकहोमला चौदा वर्षं काढली आहेत, त्या भांडवलावर लिहितो.

जूनमध्ये ट्रोम्सोला नॉर्दर्न लाइट्स दाखवणार म्हणणाऱ्या कंपनीला आधी रामराम करा. ट्रोम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही. भर दुपारी काजवे शोधायला निघण्यातला प्रकार आहे हा. दिव्यांचा हंगाम सप्टेंबर ते मार्च. जूनमध्ये तिकडे जायचं तर मध्यरात्रीचा सूर्य बघायला जा. तोही बघण्यासारखा असतो, पण तो वेगळा कार्यक्रम झाला.

दुसरी गोम तारखांमध्ये आहे. १९ ते २५ जूनमध्ये जो शुक्रवार येतो तो स्वीडनमध्ये मिडसमर, म्हणजे ऐन उन्हाळ्याचा सण. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठ कशी ओस पडते, तसं अख्खं स्टॉकहोम त्या दिवशी ओस पडतं. माणसं गावाकडच्या लाल लाकडी घरात जाऊन बटाटे, हेरिंग मासा आणि स्ट्रॉबेरी खातात. बरीच दुकानं आणि उपाहारगृहं बंद. फिनलंडमध्येही तेच, त्यांचा तो युहान्नुस. तुमचं स्टॉकहोम-हेलसिंकी नेमकं तिथेच पडतंय. स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयासारख्या ठिकाणी सार्वजनिक सोहळा असतो, तो ठरवून बघायला आलात तर मजा आहे. नकळत येऊन पडलात तर उपास.

भटकभवानी
उत्तरायण यांना +१. आइसलँड तर शेवटी ‘जोडून’ करायची गोष्टच नाही. त्याला स्वतंत्र आठ-दहा दिवस द्या, नाहीतर सोडून द्या. बेटाला वळसा घालणारा रिंग रोडच तेराशे किलोमीटरहून थोडा जास्त आहे. तीन दिवसांत थिंगवेलीर, गेसिर आणि गुलफॉस एवढं होतं, आणि परत येताना माणूस म्हणतो, अरे, खरं आइसलँड राहूनच गेलं.

गवतीचहा
अरे देवा. दिव्यांचं बाबांना कसं सांगू? त्यांनी ट्रायपॉड घेऊन ठेवलाय.

मग नक्की काय करू? देश कमी करायचे तर कुठले?

कोकम_सरबत
मी ऑस्लोची, त्यामुळे नॉर्वेच म्हणणार. पक्षपात आहे, मान्य. पण ज्येष्ठ माणसं, जून महिना आणि अकरा रात्री ही बेरीज केली की उत्तर नॉर्वेच येतं. कोपनहेगन दोन रात्री, तिथून ऑस्लोला रात्रीची बोट (दुपारी निघते, सकाळी पोचते, एक मुक्काम बोटीतच), ऑस्लो तीन, फ्लॉम दोन, बर्गन तीन. परतीचं विमान बर्गनहून. कुठेही मागे फिरायचं नाही.

ऑस्लो-बर्गन रेल्वे १९०९ सालची. साडेसहा-सात तास लागतात आणि वाटेत झोप लागू शकत नाही. आधी जंगल, तळी, मग चढ, मग झाडंच संपतात. फिन्से हे त्या मार्गावरचं सगळ्यात उंच स्टेशन, १२२२ मीटर. जूनमध्येही आजूबाजूला बर्फ असतो. आईंचं स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

वाटेत मीरदालला उतरून फ्लॉमची छोटी गाडी पकडायची. वीस किलोमीटरमध्ये ती ८६० मीटरहून जास्त उतरते, थेट समुद्राच्या पातळीपर्यंत. रेल्वेवेड्यांसाठी सांगते: आपल्या खंडाळ्याच्या घाटात चढ ३७ला १ आहे, तरी मागून जादा इंजिनं लावावी लागतात. फ्लॉमला तो १८ला १ आहे. मध्ये क्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबवतात, सगळे डेकवर उतरून भिजतात आणि परत चढतात.

फ्लॉमहून गुडवांगेनला बोटीने जा, दोन तास. नॅरॉयफ्योर्ड ही डोंगरांमधली चिंचोळी खाडी २००५पासून जागतिक वारसा यादीत आहे. एके ठिकाणी रुंदी जेमतेम अडीचशे मीटर. दोन्ही अंगांना कडे इतके सरळ की मान दुखते. या मार्गावर आता बॅटरीवर चालणाऱ्या बोटी आहेत. इंजिनाची घरघर नसल्यामुळे धबधब्याचा आवाज आधी येतो, धबधबा मागून दिसतो. पुढे गुडवांगेन ते व्होस बस आणि व्होस ते बर्गन रेल्वे. ही सगळी तिकिटं एकत्र विकणारी पॅकेजं आहेत, पण सुटी काढली तर बहुधा स्वस्त पडतात.

रेल्वेची स्वस्त तिकिटं आधी बुक करणाऱ्यालाच मिळतात. मात्र ६७ वर्षांवरच्या माणसाला नेहमीच्या भाड्यात निम्मी सवलत असते, त्यासाठी नॉर्वेचं नागरिक असावं लागत नाही. बाबा बसतात त्यात. आई एका वर्षाने हुकल्या!

नाना_ठाणेकर
म्हणजे बाबांचं अर्धं तिकीट आणि त्या वाचलेल्या पैशात आईंचं अर्धं. संसार असाच चालतो.

पिठलं_भाकरी
कोपनहेगनला दोन रात्री कशाला? लिटल मर्मेडचा पुतळा सव्वा मीटरचा आहे. आमच्या आळीतला गणपती मोठा असतो. दीड किलोमीटर चालत जायचं, गर्दीत मान उंचावायची, आणि ‘हेच का ते?’ म्हणून परत यायचं.

उत्तरायण
मर्मेड सोडा हो. टिवोली आहे की, १८४३पासून चालू असलेली बाग, आई-बाबांची संध्याकाळ तिथे सुखात जाईल. आणि विमानतळावरून मेट्रोने पंधरा मिनिटांत शहरात पोचता येतं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन उतरायला कोपनहेगनइतकं सोपं शहर नाही. हवं तर ओरेसुंड पुलावरून रेल्वेने स्वीडनमधल्या माल्मोला चक्कर मारून या, जेमतेम पाऊण तास. पण पासपोर्ट बरोबर ठेवा.

वायकिंगांची जहाजं बघायची असतील तर रोस्किल्डला जा, कोपनहेगनहून रेल्वेने अर्धा तास. ऑस्लोचं वायकिंग जहाजांचं संग्रहालय नव्या इमारतीच्या कामासाठी २०२२पासून बंद आहे. जुन्या ब्लॉगांवर अजून ‘अवश्य पाहावे’ म्हणून झळकतंय. दर वर्षी कुणी ना कुणी तिथे जाऊन पत्र्याच्या कुंपणाचा फोटो काढून येतं.

सांगलीकर_सध्या_आर्हुस
व्हिसाचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. ‘जिथे पहिलं विमान उतरेल त्या देशाचा व्हिसा’ हा समज डोक्यातून काढा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश. कोकमताईंचा आराखडा धरला तर नॉर्वे. मोठ्यांसाठी फी ९० युरो, केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्यासाठी मार्चमध्येच भेटीच्या वेळा मिळेनाशा होतात, तेव्हा लवकर करा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. वयस्कर माणसांसाठी विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचं कलम वाचा. स्वस्त पॉलिसीत तेच वगळलेलं असतं.

फॅरो बेटं आणि ग्रीनलंड डेन्मार्कची असली तरी शेंगेनमध्ये (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत) नाहीत, साध्या व्हिसावर तिथे जाता येत नाही. नॉर्वेचं स्वालबार्डही शेंगेनबाहेर. तिथून परत मुख्य भूमीवर येणं म्हणजे नव्याने प्रवेश, त्यामुळे एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर पंचाईत.

ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवी पद्धत सुरू झाली आहे. ज्या विमानतळावर शेंगेनमध्ये पहिलं पाऊल पडणार, तिथे पुढच्या विमानाआधी चांगला वेळ ठेवा. दीड तासाचं कनेक्शन स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

गवतीचहा
केवढी मदत! नोंद केली. आता पैसे आणि जेवण. बाबांना त्यांच्या मित्राने डॅनिश क्रोनच्या नोटा दिल्यात, २००३ सालच्या सहलीतल्या उरलेल्या. चालतील ना?

सांगलीकर_सध्या_आर्हुस
नाही! डेन्मार्कमध्ये हजाराची नोट आणि जुन्या मालिकेतल्या सगळ्या नोटा ३१ मे २०२५नंतर बाद झाल्या. नॉर्वे आणि स्वीडननेही जुन्या नोटा त्याआधीच बाद केल्यात. मित्राला प्रेमाने परत द्या, अल्बममध्ये लावतील.

रोख नेऊच नका म्हटलं तरी चालेल. मी सहा महिन्यांत नोट हातात धरलेली नाही. बसमध्ये, चर्चच्या दानपेटीपाशी, स्टेशनवरच्या शौचालयाच्या दाराशी, सगळीकडे कार्ड. आपलं यूपीआय चालत नाही, आणि इथली फोनवरची पैसे द्यायची ॲप स्थानिक बँक खात्याशिवाय मिळत नाहीत. चौघांत किमान दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं ठेवा आणि पिन पाठ करा. यंत्र ‘रुपयात घेऊ की क्रोनमध्ये?’ विचारतं तेव्हा डोळे मिटून क्रोन. रुपये दिसले की हात आपोआप तिकडे जातो आणि तिथेच चार-पाच टक्के कापले जातात.

चलनं लक्षात ठेवा: डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, आइसलँड यांचे क्रोन चार वेगळे. युरो फक्त फिनलंडमध्ये.

कोकम_सरबत
जेवण. बाहेरचं जेवण महाग, यात शंका नको. पण उपाय आहेत.

स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. किराणा रेमा १०००, किवी, कूप यांत बरा पडतो. तांदूळ, मसूर, फ्लॉवर, बटाटा, दही सगळं मिळतं. स्कीर घ्या. ते आपल्या चक्क्यासारखं लागतं, साखर आणि वेलची घातली की श्रीखंडच. ब्रूनोस्त हे तपकिरी चीज मात्र आईंना आधी चिमूटभर द्या. मला खरपूस खव्यासारखं वाटतं, माझ्या बहिणीला साबणासारखं.

‘वेगेतारिस्क’ हा शब्द तिन्ही स्कँडिनेव्हियन देशांत समजतो. नुसतं ‘मांस नको’ म्हणालात तर ताटात मासा येईल. फलाफल प्रत्येक शहरात मिळतं. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं आहे, बाटली विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. घेतलीच तर रिकामी बाटली टाकू नका, दुकानातल्या यंत्रात घातली की दोन-तीन क्रोन परत मिळतात.

भारतातून नेताना तूप, पेढे, खवा, पनीर नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. मेतकूट, भाजणी, चिवडा, चटण्या, तेलावरची दशमी आणा.

आणि फोडणी. हे ऐकाच. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा आम्ही डोंगरातल्या एका वसतिगृहवजा जागी उतरलो होतो. सामायिक स्वयंपाकघर. सासूबाईंनी वरणाला फोडणी घातली. मोहरी तडतडली, हिंग पडला, सुक्या मिरच्या पडल्या, आणि छतावरची ती पांढरी बशी केकाटायला लागली. मग दुसरी. मग अख्खी इमारत. सगळे पाहुणे जिन्याने खाली, एक गृहस्थ अंगाला टॉवेल गुंडाळून, एक बाई मांजर उराशी धरून. सासूबाई झारा हातात घेऊन पावसात उभ्या. बारा मिनिटांत अग्निशमनाची गाडी. जवान आत गेला, पातेल्यात डोकावला, आणि बाहेर येऊन विचारतो, ‘वास छान आहे, काय आहे हे?’ फेरीचं बिल मात्र आम्हालाच आलं, आणि ते वरणापेक्षा बरंच महाग होतं. तेव्हा आधी चिमणी चालू, खिडकी उघडी, तेल मंद, आणि मिरची शेवटी.

नाना_ठाणेकर
‘वास छान आहे’ म्हणाला यातच सगळं आलं. सासूबाईंना दंडवत.

उत्तरायण
आईंसाठी एक: स्वीडनमध्ये कधी गेलात तर कार्देमुम्माबुल्ले मागा. वेलचीचा पाव. वेलची नुसती कुटून सढळ हाताने घातलेली, दाताखाली येते. इतक्या थंड देशातल्या लोकांना वेलचीचं एवढं वेड कसं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. माझी आई इथे येऊन पहिल्या दिवशी म्हणाली, ‘हे तर आपल्या घरच्यासारखं लागतंय.’

शाळकरी_मास्तर
धागा हायजॅक करतोय, माफी असावी. आम्हाला दिवेच बघायचेत, थंडीतच. रोवानिएमी, ट्रोम्सो की आणखी कुठे?

हिमकण
फिनलंडमधल्या तांपेरेहून. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

ट्रोम्सो समुद्राकाठी आहे, उबदार सागरी प्रवाहामुळे जानेवारीतही सरासरी उणे चारच्या आसपास. पण ढग फार. तिथल्या सफरी म्हणजे ढगांची फट शोधत रात्रभर गाडी हाकणं. रोवानिएमी अंतर्भागात, उणे वीस सहज, कधी उणे तीस. मुलं बरोबर असतील तर सांताचं गाव, रेनडिअर, हस्की, सगळं जवळजवळ. हेलसिंकीहून रात्रीची रेल्वे जाते, बारा तास. आणि स्वीडनमधलं आबिस्को: डोंगर ढग अडवतात, त्यामुळे तिथे आकाश मोकळं असण्याची शक्यता जास्त. गाव एवढंसं, करमणूक शून्य. ज्यांना फक्त दिवेच हवेत त्यांनी तिथे जावं.

कुठेही गेलात तरी एक रात्र ठेवून जाऊ नका, किमान चार ठेवा. आणि अपेक्षा जरा आवरा. दिवे मंद असतील तर डोळ्यांना राखाडी ढगासारखे दिसतात, हिरवे फक्त फोनमध्ये. जोरात असले तर मात्र पडद्यासारखे हलतात, तेव्हा फोन खिशात घाला.

थंडीत फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट मरते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. बाहेरून आल्यावर कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मगच खोलीत न्या, नाहीतर भिंगावर दव धरतं. कपड्यांत आतला थर लोकरीचा, सुती नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग तोच गार पडतो. मोठे जाड सूट सफरवाले भाड्याने देतात, पुण्यात त्यावर वीस हजार घालवू नका. बुटांना लावायचे रबरी काटे मात्र पहिल्याच दिवशी विकत घ्या. इथे पर्यटकांची हाडं थंडीने मोडत नाहीत, घसरून मोडतात.

सगळ्यात आवडता काळ विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध. रात्र पुरेशी काळोखी, थंडी सुसह्य, तळी गोठलेली नसतात आणि दिवे पाण्यातही दिसतात.

शाळकरी_मास्तर
सप्टेंबर! आमच्या शाळेची सहामाही. नशीब. वाचनखूण साठवली आहे.

भटकभवानी
आइसलँडबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोप केलाय, त्यापेक्षा इथेच लिहिते.

गाडी भाड्याने घ्यायला बहुतेक ठिकाणी खरं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर बरेच जण अनामत अडवून ठेवत नाहीत. आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. पार्किंग करताना गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. आमच्या शेजारच्या गाडीचं दार वाऱ्याने असं उलटं फिरलं की बिजागरीच वाकली. वाऱ्याने मोडलेलं दार बहुतेक विम्यात बसत नाही. ‘एफ’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे रस्ते चार चाकांना जोर असलेल्या गाडीशिवाय करू नका. ते फक्त उन्हाळ्यातच उघडतात. रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून सेल्फी काढू नका. तिथे लाटा अचानक आत घुसतात आणि माणूस ओढला जातो. आपल्या गणपतीपुळ्याला पाय बुडवायला उभं राहतो तसं तिथे नाही.

गावोगावी गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव आहेत, प्रसिद्ध महागड्या ठिकाणांपेक्षा मला तेच आवडले. मात्र तलावात उतरण्याआधी सगळे कपडे काढून साबणाने अंघोळ सक्तीची. बायकांची खोली वेगळी, पुरुषांची वेगळी, पण आडोसा बहुधा नाही. भिंतीवर माणसाचं चित्र आणि कुठे घासायचं ते लाल रंगात. पहिल्या दिवशी मी पोहण्याच्या कपड्यांवरूनच पाणी ओतून सटकत होते. एका ऐंशीच्या आजीने, स्वतः दिगंबर अवस्थेत, खांद्याला धरून परत फिरवलं आणि चित्राकडे बोट दाखवलं. आजीपुढे काय बोलणार!

न्हाणीघरातल्या गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास येतो, घाबरू नका. गार पाणी वेगळ्या स्रोतातलं असतं, ते बिनधास्त प्या.

कोकम_सरबत
गवतीचहा, काही फुटकळ राहिलेलं. गार्डरमोएन विमानतळावरून ऑस्लोला दोन रेल्वे येतात. भडक जाहिरातीवाली विमानतळ-गाडी आणि साधी गाडी. वेळेत चार-पाच मिनिटांचा फरक, भाड्यात जवळपास दुप्पट. साधीच घ्या. रविवारी नॉर्वेत मोठी दुकानं बंद, शनिवारीच भाजी-दूध भरून ठेवा. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या, ऑस्लोत जूनमध्ये पावणेअकराला सूर्यास्त आणि चारच्या आत उजाडतं. प्लगला गोल दोन पिना लागतात, आपली जाड तीन पिनांची बसत नाही. रुग्णवाहिकेचा नंबर नॉर्वेत ११३. आणि बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ मुंबईएवढा. मुंबईत चार महिन्यांत कोसळतो, इथे बाराही महिने रिपरिप. छत्री नको, वाऱ्याने उलटी होते. टोपीवालं जर्किन न्या.

पिठलं_भाकरी
आणि रेल्वेत डबा बघून बसा. काही डबे ‘शांत’ असतात. आम्ही आठ जण त्यात चढून पत्ते काढले होते. कुणी काही बोललं नाही, नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

गवतीचहा
परत आलो! आठवडा झाला, धाग्याचं ऋण फेडते.

कोकमताईंचा आराखडा जसाच्या तसा केला. बाबांना सवलतीचं तिकीट मिळालं आणि ते त्यांनी प्रत्येक भेटलेल्या माणसाला दाखवलं. तिकीट तपासनीसालाही, त्याने न विचारता. फिन्सेला गाडी थांबली तेव्हा बाबा खाली उतरले, बर्फाचा गोळा करून आईला खिडकीतून दाखवायला लागले, आणि गाडी सुटायची वेळ झाली. आईने तोंडाने काय म्हटलं ते काचेतून ऐकू आलं नाही, पण समजलं. चढले वेळेत.

चुका दोन झाल्या. ऑस्लोतला रविवार मी विसरले. सगळं बंद. शेवटी कोपऱ्यावरचं एक टीचभर दुकान उघडं सापडलं (शंभर चौरस मीटरच्या आतल्या किराणा दुकानांना रविवारी परवानगी असते, हे तिथल्या मुलाने सांगितलं). तिथून पाव, काकडी आणि स्कीर. चटणी होती म्हणून निभावलं. दुसरी चूक बर्गनला. निघायच्या दिवशी सामान जड म्हणून टॅक्सीने विमानतळ गाठला, भाडं आधी न विचारता. किती झालं ते इथे लिहीत नाही, नवरा वाचतो हा धागा. हॉटेलपासून पाच मिनिटांवरून ट्राम थेट विमानतळावर जाते, पाऊण तासात. आधीच बघायला हवं होतं.

बर्गनला तीन दिवसांत फक्त एकदा पाऊस. डोंगरावर जाणाऱ्या फ्लॉय रेल्वेने वर गेलो, सहा मिनिटं, आईचे गुडघे खूश. वर बकऱ्या होत्या. बाबांनी त्यांचे चाळीस फोटो काढले.

नॅरॉयफ्योर्डच्या बोटीबद्दल कोकमताई म्हणाल्या ते खरं निघालं. आधी आवाज. बोटीवर दीडशे माणसं असतील, पण कुणी बोलत नव्हतं. आमचे बाबासुद्धा, जे आजवर सिनेमागृहात गप्प बसलेले नाहीत.

आणि एक गंमत. आई घरी रोज दिवेलागणीला शुभं करोति म्हणते. ऑस्लोत पहिल्या संध्याकाळी ती खिडकीशी बसून राहिली. आठ वाजले, नऊ वाजले, लख्ख ऊन. दहाला म्हणाली, ‘अगं, सांज होणार आहे की नाही?’ पावणेअकराला सूर्य मावळला तेव्हा ती खुर्चीतच झोपली होती. दुसऱ्या दिवसापासून तिने फोनवर गजर लावला, भारतातल्या सात वाजताचा. म्हणजे नॉर्वेत दुपारी साडेतीन. फ्लॉमला बाकावर बसलो होतो, समोर बोट उभी, डोक्यावर ऊन, आणि गजर वाजला. आईने हात जोडले. शेजारी बसलेल्या नॉर्वेजियन आजोबांनी आपली टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती संपेपर्यंत तशीच ठेवली.

कोकम_सरबत
_/\_ आईंना नमस्कार सांगा. पुढच्या वेळी घरी जेवायला या, फोडणी मी घालते.

उत्तरायण
फोटो कुठे आहेत?

गवतीचहा
बाबा निवडताहेत. ३,४०० आहेत. सध्या बकऱ्यांपर्यंत आलेत.